लाल अक्षरं

४ मार्च, सोमवार

चिमे,

आणि तो मेला कॉम्प्युटर मला म्हणतो, ‘कृपया योग्य नाव भरा.’ योग्य! पन्नास वर्षं झाली मला या नावाला ओ देऊन. हजेरीच्या पुस्तकात बावीस वर्षं हेच एक नाव लागलंय, आणि ते वाचताना कुणी कधी अडखळलं नाही. आणि हा कालचा खोका मला योग्य-अयोग्य शिकवणार?

तीनदा भरलं. हजेरी कारकुनानं भरलं, मी मागं उभी राहून सांगत होते. तीनही वेळा तेच, लाल अक्षरांत. जसं काही मी कुणाची तरी पर्स मारली. कारकून म्हणाला, “बाई, आडनाव लागतं. बघा, रकान्यापुढे चांदणी आहे. चांदणी म्हणजे सक्ती.” म्हटलं, मला आडनाव नाही. तर म्हणतो, “असं कसं, प्रत्येकाला असतं.” म्हटलं, बरं, तुमच्याकडे जास्तीचं असेल तर द्या.

तुला पहिल्यापासून सांगते, नाहीतर मागच्यासारखं फोनवर “हो मावशी, हो मावशी” करशील आणि ठेवून देशील. म्हणूनच कागदावर लिहितेय. कागदाला उत्तर द्यावं लागतं.

हॉस्पिटलनं धुलाई विभागाच्या मागं नवी इमारत बांधली. चौदा खोल्या, आमच्यासारख्या इथंच राहून कपडे धुणाऱ्यांसाठी. अर्ज फक्त कॉम्प्युटरवर. मी जाऊन बघून आलेय. वॉचमनला सांगितलं, पडदे मोजायचेत. दहा बाय दहा, एक खिडकी, एक नळ. आणि चिमे, दाराला आतून कडी. मी ती चार वेळा लावून काढली.

तुला कडीचं काय कळणार, तुझ्याकडे दोन दारं आणि तीन कुलपं. मी लहानपणी आश्रमाच्या लांब खोलीत झोपले, मग त्या माणसाच्या घरात तीन वर्षं, तिथं कडी बाहेरून होती. आता बावीस वर्षं या हॉलमध्ये, बारा बायका, बारा खाटा, माझी सहावी. कूस बदलली तरी पाचवी आणि सातवी विचारतात, काय झालं. मला एकदा आतून कडी लावून बसायचंय. रडायला नाही, उगाच. नुसतं बसायला.

तू असलेच फॉर्म बनवायची नोकरी करतेस ना? मग कळव, या खोक्याला आडनाव नसलेलं माणूस कसं खपवायचं. मुदत या महिनाअखेर.

मावशी


१२ मार्च

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. हसले पण आणि वाईटही वाटलं. रागावू नकोस, असे नियम माणसांना त्रास द्यायला नसतात. लोक काहीही भरतात ग. कुणी नावाच्या जागी फोन नंबर टाकतं, कुणी ‘अबकड’ लिहितं. म्हणून तपासणी ठेवावी लागते, नाव आहे का, आडनाव आहे का, आकडे नाहीत ना. त्याला आम्ही पडताळणी म्हणतो. गहू चाळल्यासारखं समज.

तुझ्या बाबतीत सोपा उपाय सुचवू का? काकांचं आडनाव टाक. मला माहीत आहे की तुमचं पटलं नाही, पण लग्न झालं होतं म्हणजे ते तुझंच आहे एक प्रकारे. फक्त रकाना भरायला. कुणी विचारणार नाही.

हा फॉर्म कुणी बनवलाय ते मी शोधते. सध्या ऑफिसात फार गडबड आहे, माझं प्रमोशनचं चाललंय. तब्येतीला जप.

तुझी,
चिमी


१८ मार्च, सोमवार

चिमे,

गहू चाळ, मला चाळू नकोस.

त्या माणसाचं आडनाव? मी निघाले तेव्हा दारात उभा राहून काय म्हणाला माहीत आहे? “माझ्या नावाचं काही न्यायचं नाही.” माझ्याकडे एक पत्र्याची ट्रंक होती, तीसुद्धा तुझ्या आईनं दिलेली. पण यानं तिच्यावर आपलं आडनाव रंगवून घेतलेलं, पांढऱ्या रंगात, हे मोठं. मी ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवली, वीट घेतली आणि तिथंच बसून घासलं. अर्धा तास. अख्खी गल्ली बघत होती. आडनाव गेलं, सोबत पत्र्याचा रंगही गेला, तिथं अजून गंज धरतो. ती ट्रंक माझ्या खाटेखाली आहे. आणि तू म्हणतेस रकाना भरायला!

असो. तुझ्याविना माझं अडलं नाही. मी गेले कारकुनाकडे आणि म्हटलं, तो विचारतोय ना आडनाव काय? मग खरं ते सांगा. लिहा, ‘नाही’.

त्यानं लिहिलं. आणि चिमे, घेतलं की त्यानं! लाल नाही, काही नाही, हिरवी खूण आली. ‘धन्यवाद, आपला अर्ज दाखल झाला आहे.’ खरं बोलणाऱ्याला मान आहे म्हणायचं अजून.

मग काय, हॉलमध्ये मीच हिरो. माझ्यासारख्या अजून सहाजणी निघाल्या. इस्त्रीवाली आमच्याच आश्रमातली, तिलाही एकच नाव. टाचणी, म्हणजे ती फाटक्या चादरी शिवते, तिला बापानं घराबाहेर काढताना सांगितलं होतं, माझं नाव लावलंस तर याद राख. तिनं याद राखली. भोंगा, तिचा आवाज तिन्ही मशिनींवरून ऐकू येतो, तिला दोन नवरे झाले आणि दोघांचंही आडनाव नको आहे. बाकीच्या तिघींचं असंच काहीतरी. सगळ्यांना मी म्हटलं, बिनधास्त ‘नाही’ लिहा. सगळ्यांचे अर्ज गेले. इस्त्रीवालीनं आधी नुसतं टिंब दिलं होतं, ते घेतलं नाही त्यानं. टिंब म्हणजे आडनाव नव्हे, एवढी अक्कल आहे त्याला.

फॉर्म कुणी बनवला ते शोधत होतीस, त्याचं काय झालं? सापडला तर माझा नमस्कार सांग. सुधारला म्हणावं.

मावशी


निवास वाटप कक्ष
३ एप्रिल

श्रीमती नाही यांस,

आपला अर्ज प्राप्त झाला. पडताळणीअंती असे आढळून आले की, एकाच पत्त्यावर राहणाऱ्या ‘नाही’ कुटुंबातील सात सदस्यांनी स्वतंत्र अर्ज केले आहेत. नियमानुसार एका कुटुंबास एकच खोली देय आहे. आपण वयाने ज्येष्ठ असल्याने कुटुंबप्रमुख म्हणून आपली नोंद करण्यात आली असून खोली क्रमांक नऊ आपल्या नावे राखून ठेवली आहे. उर्वरित सहा सदस्यांचे अर्ज बाद करण्यात येत आहेत. त्या सदस्यांचे आपल्याशी असलेले नाते कळवावे.

हरकत असल्यास अथवा अर्जात दुरुस्ती करावयाची असल्यास ती दिनांक २४ एप्रिल, सायंकाळी पाचपर्यंत करावी. कुटुंबास नवीन निवासासाठी शुभेच्छा.

हे पत्र संगणकाने तयार केले असल्याने सहीची आवश्यकता नाही.


५ एप्रिल, शुक्रवार

चिमे,

सोबतचं पत्र वाच. वाचलंस? आता खुर्चीवर बैस आणि माझं ऐक.

पन्नास वर्षं मला घराणं नव्हतं. आता एका दिवसात सात माणसांचं झालं. कुटुंबप्रमुख! पत्र आलं तेव्हा आम्ही चादरींच्या घड्या घालत होतो. कारकुनानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि भोंगा अशी हसली की वरच्या मजल्यावरची नर्स खाली धावत आली. मग नाती ठरवायला बसल्या सगळ्या. भोंगा म्हणे, मी जाऊबाई, म्हणजे भांडायला बरं. टाचणी म्हणे, मी तुमची सून, पण मी स्वयंपाक करणार नाही. इस्त्रीवाली म्हणे, मी बिनलग्नाची आत्या. दिवसभर मला सासूबाई म्हणून हाका. एकीनं तर पाया पडून सुट्टी मागितली.

हसून झालं. मग घड्या संपल्या आणि सगळ्या आपापल्या खाटेकडे वळल्या.

कारण खोली एकच. दहा बाय दहा. आणि ती माझ्या नावावर. ज्यांना आडनावं आहेत त्या पाचजणींना पाच खोल्या मिळाल्या, आणि आमच्या सातजणींत एक. आणि ‘बिनधास्त नाही लिहा’ म्हणून सांगणारी कोण? मी.

कारकून बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, तुम्ही गप्प बसा. खोली तर तुम्हालाच मिळालीय. किल्ली घ्या आणि मोकळ्या व्हा.”

तुला खोटं कशाला सांगू. मी त्या नऊ नंबरच्या दारापर्यंत गेले होते. कडी लावून बघायला हात पुढे केला. मग आठवलं, टाचणी कालपासून माझ्याशी बोलत नाहीये. नुसती शिवत बसते आणि दोरा दातानं तोडते, तोसुद्धा माझ्याकडे बघून. कडी न लावता परत आले.

आता मला एक सांग. फॉर्म बनवणारा कोण, हे तू शोधणार होतीस. महिना होत आला. सुई शोधतेयस की हत्ती?

मावशी


११ एप्रिल

प्रिय मावशी,

बाप रे. तू ‘नाही’ लिहिलंस हे मी मागच्या पत्रात वाचलं तेव्हाच मला कळवायला हवं होतं, पण कामात राहून गेलं. चूक माझी.

झालंय असं की सिस्टीम दोन गोष्टी बघते, आडनाव आणि पत्ता. दोन्ही सारखे असले की ते एक कुटुंब. एकाच घरातल्या चार भावांनी चार खोल्या लाटू नयेत म्हणून. सिस्टीमच्या दृष्टीनं तुम्ही सातजणी म्हणजे एक घर. आणि तुम्ही एकट्या नाही. सगळ्या विभागांचे मिळून दोनशे चौदा ‘नाही’ निघाले आहेत! आमचे साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, “हा नाही समाज बराच मोठा दिसतो, मूळचे कुठले?” कुणी हसलं नाही, कारण साहेब गंभीर होते.

हो, आमच्याच ऑफिसनं बनवलाय तो फॉर्म. तुला आधी सांगितलं नाही, कारण उगाच तू माझ्यावर चिडली असतीस. माझा संबंध नाही. तो भाग एका सीनियरनं लिहिलाय. फार हुशार माणूस आहे, पण त्याला चूक दाखवली की आवडत नाही. आणि त्याचंही बरोबर आहे एका अर्थी, त्यानं चाचणी घेतली होती. ऑफिसातल्या अडतीस जणांची नावं टाकून पाहिली, सगळी बिनचूक गेली. त्यानं आता काय, साहेबांपुढे उभं राहून ‘माझा नियम चुकला’ म्हणायचं? प्रमोशनच्या तोंडावर असं कोण करतं?

मी तुमच्यासाठी दुसरा मार्ग काढलाय. चोवीस तारखेपर्यंत अर्ज दुरुस्त करता येतो. सोबत सात आडनावांची यादी पाठवतेय. सगळी साधी आहेत, फॉर्ममध्ये टाकून तपासली आहेत, बिनचूक जातात. प्रत्येकीनं एकेक घ्या. म्हणजे सात कुटुंबं होतील आणि खोल्यांचं भांडण मिटेल. तू पहिली निवड कर, तू प्रमुख आहेस.

रागावू नकोस ना.

तुझी,
चिमी


१७ एप्रिल, बुधवार

चिमे,

तुझी यादी मी हॉलच्या भिंतीवर लावली. सगळ्यांनी वाचली. भोंगा म्हणाली, तुमची भाची तर लई उदार, आमच्या दोन्ही नवऱ्यांनी मिळून एक दिलं नाही नीट, हिनं एका पाकिटात सात धाडली. इस्त्रीवालीला त्यातलं तिसरं आवडलं होतं. तिनं ते दोनदा स्वतःच्या नावाला जोडून म्हणून पाहिलं आणि मग म्हणाली, पण मला हाक कोण मारणार या नावानं? आणि हजेरीपुस्तकात बावीस वर्षं वेगळंच नाव लागलंय, ते कुणी काढून बघितलं तर? मग आम्ही खोट्या ठरायच्या. खोटं बोलायला शिकवणार तुमचा फॉर्म आणि पकडल्या जाणार आम्ही.

यादी काढली. मागच्या बाजूला टाचणीनं चादरींचा हिशेब लिहिला. ती बोलायला लागलीय माझ्याशी. का, ते शेवटी सांगते.

सोमवारी मला सुट्टी होती. कारकुनाला म्हटलं, ऊठ, आज मी बसते. म्हणाला, “तुम्हाला यायचं नाही.” म्हटलं, चौथी पास आहे, अक्षरं ओळखते, सरक. चष्मा लावला, एका बोटानं सुरू केलं. आजपर्यंत मी मागं उभी असायचे, नीट दिसायचं नाही. आता जवळून बघितलं. नावाचा रकाना, आडनावाचा रकाना. आणि दोन्ही रकान्यांत, काही लिहायच्या आधी, फिकट राखाडी अक्षरांत एक नाव असतं. उदाहरण म्हणून. असं लिहा म्हणून. माणूस लिहायला लागला की ते पुसलं जातं.

ते नाव तुझ्या आईचं आहे.

नाव आणि आडनाव, दोन्ही. मी चष्मा पुसून बघितलं. कारकून म्हणाला काय झालं, म्हटलं डोळ्यात साबण गेलाय. साबण तिथं कुठला.

तर तो सीनियर! फार हुशार आणि चूक दाखवलेली न आवडणारा! चिमे, तो हुशार माणूस लहानपणी माझ्या मांडीवर मुतलाय. तीनदा. एकदा तर नव्या लुगड्यावर. मला दुसऱ्याच्या तोंडानं खोटं सांगायला निघालीस आणि आईचं नाव पाटीसारखं दारावर लावून ठेवलंस. चोरानं जाताना स्वतःचा फोटो ठेवून जावा, तसं झालं.

आता रागानं सांगत नाही, ऐक. ते नाव बघून मला आधी बरंच वाटलं. सहा वर्षं झाली तिला जाऊन. इतक्या माणसांच्या डोळ्यांपुढे तू तिला ठेवलंस, सगळ्यांना सांगितलंस की नाव असं असावं. माया होती त्यात. कळलं मला.

पण तुला एक गोष्ट तिनं बहुतेक सांगितली नाही. सांगितली असती तर तू असा रकाना केला नसतास. आम्हा दोघींना आश्रमाच्या दारात ठेवलं तेव्हा ती पाच वर्षांची आणि मी दोनची. तिथल्या मोठ्या बाईंनी वहीत लिहून घेतलं. विचारलं, नाव काय? तुझ्या आईनं आपलं सांगितलं, मग माझं सांगितलं. आडनाव? तुझी आई म्हणाली, ते घरीच राहिलं. बाईंनी तो रकाना रिकामा सोडला. रेघ मारली नाही, ‘नाही’ लिहिलं नाही. म्हणाल्या, असू दे, मोकळं असू दे. साधी बाई, शाई सांडायची नेहमी, पण तिला एवढं कळत होतं की काही जागा रिकाम्याच खऱ्या असतात.

पुढं तुझ्या आईला तुझा बाप भेटला. चांगला माणूस, आडनावासकट चांगला. तिनं त्याचं आडनाव लावलं, हौसेनं. माझ्या वाट्याला ट्रंक घासायची पाळी आली, ते माझं नशीब. पण लग्नाआधी एकवीस वर्षं ती नुसत्या एका नावानं जगली. त्याच नावानं शाळेत पहिली आली, त्याच नावानं शिवणाच्या कारखान्यात लागली, त्याच नावानं तुझ्या बापाला पसंत पडली.

म्हणून मी सोमवारी काय केलं, सांगते. माझं नाव टाकलंच नाही. तिचं टाकलं. नुसतं. जसं त्या वहीत होतं तसं. तिचं राखाडी नाव पुसलं गेलं आणि त्यावर मी तिचंच नाव काळ्यात लिहिलं. आडनाव रिकामं. बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. कृपया योग्य नाव भरा.

तुझ्या आईला म्हणाला तो, चिमे. तुझ्या हातून.

अडतीस जणांना विचारून बघितलं म्हणे. अडतीसही जण पोटभर जेवून आलेले, त्यांना विचारून ‘भूक नसते’ असं लिहून मोकळी झालीस. आणि नियम चुकला म्हणायला तुला साहेबांपुढे उभं राहावं लागेल, प्रमोशन अडेल, कबूल. मला त्याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण उभं राहून दोन वाक्यं बोलायची आहेत तुला. मी माझी सहा नंबरची खाट सोडून दारापाशी जाते तेवढा वेळही लागायचा नाही.

आता ते शेवटचं. काल मी निवास कक्षाला हरकत लिहून दिली, माझ्या हातानं. नऊ नंबरची खोली मी घेत नाही, आम्ही कुटुंब नाही, सातजणी आहोत. कारकून म्हणाला, बाई, हातची घालवताय. म्हटलं, हातात कुठं होती, किल्लीलासुद्धा हात लावला नव्हता. पोच घेतलीय त्याच्याकडून. म्हणून टाचणी बोलायला लागली. म्हणजे आता माझ्याकडे नऊ नंबरही नाही आणि ‘नाही’सुद्धा नाही. आहे ते माझं नाव, आणि तू.

तुझ्या गोड पत्राची मला गरज नाही. रागावू नकोस ना, हे तर लिहूच नकोस. पुढच्या बुधवारी, चोवीस तारखेला, दुपारी तीनला मी कारकुनाला उठवून त्या खुर्चीवर बसणार आहे. मागं सहाजणी रांगेत उभ्या असतील, भोंगा सगळ्यात पुढे. मी माझं नाव लिहीन. आडनावाच्या रकान्याला बोट लावणार नाही. मग बटण दाबीन.

लाल आलं, तर तुझं उत्तर मला कळलं. हिरवं आलं, तरी कळलं. पाचला मुदत संपते, तुझी आणि माझीही.

मावशी